कवळाखालची डुकरीण

माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात कारगिलकडच्या डोंगरांत तपकिरी अस्वलं बघून आला. सहा दिवस चालला म्हणे, पाठीवर तंबू, बरोबर वाटाड्या, आणि शेवटी एका उतारावर अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं दिसली. सिन्नरला माझ्या माहेरी सगळ्यांना ओळीने बसवून त्याने मोबाइलवरचे फोटो दाखवले. एक मोठा तपकिरी ठिपका, दोन लहान. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तू एवढी वर्षं जव्हार-मोखाड्याच्या जंगलात काढलीस, तू कधी काही पाहिलंस की नाही?"

मी म्हटलं, "डुकरं पाहिली." सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण ती हकिगत त्या घरात सांगायची माझी हिंमत नव्हती. इथे सांगते.

मी आरोग्य सेविका आहे. मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मला चौदा वर्षं झाली. पाड्यांवर मला सिस्टर म्हणतात आणि त्याच दमात तू म्हणतात. "सिस्टर, तू जेवलीस का?" सुरुवातीला मला याचा राग यायचा. मला तसा कशाचाही राग येतो, माहेरी सगळे साक्षीदार आहेत. बदलीचे अर्ज करून मी थकले, आणि ते अर्ज कुठल्या टेबलावर पेंगत पडलेत ते देव जाणे. डोंगर चढण्याची मला हौस नाही. पण रस्ता संपला की पाय वापरायचे, एवढाच तिथला नियम आहे.

खोडाळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पाठीवर वीस-पंचवीस घरांचा एक पाडा आहे. दिवाळी झाली की तो रिकामा होतो. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे ट्रक येतात आणि धडधाकट माणसं लेकरांसकट, भांड्यांसकट, कोंबड्यांसकट त्यात चढतात, ती होळीच्या सुमाराला परततात. त्या पाड्यावरची एक पोरगेली बाई, तिच्या दीड वर्षाच्या मुलाची गोवराची लस राहिली होती. एकदा मी गेले तर ती माहेरी, एकदा पोरगं तापाने फणफणलेलं. मग दिवाळीच्या सुट्टीवर जाताना मीच तिला बजावून सांगितलं, "मी परत आले की पहिल्या सोमवारी येते. याला घेऊन घरीच थांब."

सोमवारी मी गेले नाही. मंगळवारी गेले. ट्रक सोमवारी दुपारीच निघून गेला होता. माघात त्यांच्या भट्टीवर गोवर आला आणि तो मुलगा गेला. तेव्हा ती बाई पुन्हा पोटुशी होती.

सोमवारी का गेले नाही, तर सगळ्यांना मी सांगितलं की माझी एसटी चुकली. एसटी चुकली नव्हती. भावजयीने पुरणाचा घाट घातला होता, "एक दिवस राहा हो, कुठे पळून जातोय तुमचा डोंगर," असं ती म्हणाली, आणि मी राहिले. तीन पोळ्या खाऊन दुपारी झोपले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला, भट्ट्या उशिरा सुरू झाल्या आणि ट्रक मार्गशीर्ष सरत आला तेव्हा आला. भट्टीवर जन्मलेल्या तिच्या मुलीला त्याच आठवड्यात नऊ महिने पुरे झाले होते. पाड्यावरच्या बाकी पोरांचं लसीकरण मी उरकलं होतं, ही एकटीच वयात बसत नव्हती म्हणून राहिली होती. पाड्याच्या आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आशा कार्यकर्तीचा, निरोप आला की उद्या दुपारी ट्रक निघतो आणि बाळाची आईही चाललीय. सकाळी येते, तिला सांगा, असं मी उलट कळवलं. मी रात्रभर कूस बदलत होते. सकाळी केंद्रातून लसीचा निळा डबा घेतला, बर्फाच्या पट्ट्या तपासल्या, आणि एका बाळासाठी अख्खी बाटली फोडावी लागेल, ती फोडीन, वर कोण काय बोलायचं ते बोलो, असं ठरवून निघाले. आशाताई मला न्यायला खाली रस्त्यापर्यंत आल्या होत्या.

त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक, आणि चढावर गप्पा मारू शकतात. मी मारू शकत नाही. अर्ध्या वाटेवर एक सपाटी आहे, तिथे माझी धाप ऐकून त्या थांबल्या. "बस जरा, सिस्टर. ट्रक दुपारचा हाय. आथा नऊ पण नाय वाजलं."

सपाटीवर ऐनाची झाडं होती, सगळी सोलून काढल्यासारखी. त्या दिवसांत रोपांची जमीन भाजायला लोक झाडांच्या फांद्या पाल्यासकट तोडतात. त्याला कवळ म्हणतात. बुंध्यावर पाय ठेवायला फांद्यांचे खुंट तेवढे राखतात, म्हणजे पुढच्या वर्षी चढता येतं. तोडलेल्या कवळाचा पुरुषभर उंच ढीग एका झाडापासून दहा-बारा पावलांवर रचलेला होता. ऊन चढत होतं. डबा उन्हात ठेवायचा नाही, हे इतकी वर्षं माझ्या हाडांत मुरलेलं. आशाताईंच्या घरी मी पाहिलं होतं की त्या मासळीसुद्धा ओल्या पाल्यात गुंडाळून गार ठेवतात. मला फार हुशारी सुचली. ढिगाच्या सावलीच्या बाजूला पाला बाजूला करून मी डबा आत कोपरभर खुपसला आणि वर दोन फांद्या ओढून घेतल्या.

ढिगाच्या आतून काहीतरी किंचाळलं. बारीक, चिरका आवाज, आणि लगेच त्यात आणखी चार-पाच आवाज मिसळले. मी हात मागे घेते न घेते तोच दुसऱ्या बाजूने ढीग फुटला आणि एक काळी डुकरीण बाहेर आली. मानेवरचे केस ताठ उभे. तिने कवळाच्या पोटात घर केलं होतं, आणि मी त्या घराच्या मागच्या भिंतीतून हात घातला होता.

"झाडावर!" आशाताई ओरडल्या. त्या लुगडं खोचून दोन खुंट वर पोचल्यासुद्धा होत्या. मी झाडावर शेवटची चढले ती चौथीत असताना, चिंचेच्या. कशी चढले ते मला आजही सांगता येणार नाही. आशाताईंनी माझी वेणी धरली की दंड धरला तेही आठवत नाही. खाली बुंध्यावर धाडकन धडक बसली तेव्हा माझा एक पाय अजून लटकत होता आणि चप्पल खाली गेली होती. डुकरिणीने चपलेचा वास घेतला, ती उडवली आणि ढिगापाशी जाऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

झाडावर बसायला जागा म्हणजे दोन जाड खुंट. एकावर त्या, एकावर मी. पान एक नाही, सावली नाही, मागे टेकायला काही नाही. मोबाइलला रेंज नव्हती. मी म्हटलं, "हाका मारा." त्यांनी हात तोंडाशी धरून लांब कूक घातली. ती पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली. डुकरीण तेवढी दोन पावलं पुढे आली.

"कोण नाय यायचं," त्या म्हणाल्या. "सगळी ट्रकपाशी गेली. बोचकी चढवतेत."

"मग आता?"

"आथा ती जाईल तेव्हा जायचं. पोरांची आईस हाय ती. हालू नको."

मी हलायचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्यांदा तिने नुसता हुंकार दिला. दुसऱ्यांदा बुंध्यापर्यंत धावली. तिसऱ्यांदा मी एक खुंट खाली उतरले तर ती असल्या वेगाने आली की मी वर येताना तळहात सोलून घेतले. त्यानंतर मी गुमान बसले. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आशाताईंवर काढला. "तुमच्या लोकांना ढीग करायला दुसरी जागा मिळत नाही का?"  त्या कंबरेची पिशवी काढून तंबाखू मळू लागल्या.

मग बघण्यापलीकडे काही काम उरलं नाही. आरडाओरडा थांबल्यावर डुकरीण ढिगाच्या फुटलेल्या बाजूला आडवी झाली आणि पिल्लं बाहेर आली. सहा होती. चिबडासारखे पट्टे अंगावर, पाय अजून नीट न टेकणारे, दोन-चार दिवसांची असतील. आंधळ्यासारखी एकमेकांच्या अंगावरून चढत ती तिच्या पोटाशी पोचली. प्रत्येकाचं आपलं आचळ ठरलेलं होतं. एकाने दुसऱ्याचं धरलं तर ढुशा देऊन त्याला हटवत. सगळी लागली की ती घशातून एका लयीत घुरघुर करायची, हळूहळू वेग वाढवत, आणि मग एकदम सगळी पिल्लं स्तब्ध होऊन प्यायची. मी शेकडो बाळंतिणींना पाजायला शिकवलंय. मांडी अशी घे, डोकं असं धर. हिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि पाजताना तिचा एक डोळा आमच्यावरून हलत नव्हता.

पिणं झाल्यावर एक पिल्लू भटकत ढिगाच्या मागे गेलं, माझ्या डब्याच्या बाजूला. डुकरीण उठून त्याच्यामागे गेली. तिला डब्याचा पट्टा दिसला. तिने तो तोंडात धरून ओढला, डबा अर्धा बाहेर आला. तिने नाकाडाने त्याला दोन ठोसे दिले.  झाकण उघडलं असतं तर सगळं संपलं होतं. झाकण उघडलं नाही. तिने डबा तसाच टाकला, आणि दोन पिल्लं त्याला टेकून झोपून गेली.

दहा वाजले, अकरा वाजले. मांड्या बधिर झाल्या. लघवीला लागली होती, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. समोर डोंगराची कड उतरते आणि तिच्या खाली, पलीकडच्या अंगाने येणारा, एसटी नसलेला पाड्याचा कच्चा रस्ता दिसतो, तिथे पिवळ्या ताडपत्रीचा ट्रक उभा होता. त्याच्याभोवती माणसं मुंग्यांएवढी. मला कुठल्या मुंगीच्या कडेवर बाळ आहे ते दिसत नव्हतं, पण मी शोधत होते.

आशाताई म्हणाल्या, "गेल्या साली तुझी गाडी चुकली. या साली डुकरीण. तुझा तरी काय दोष?"

त्या मनापासून म्हणाल्या. त्यांच्या शब्दांत टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी उठून कुठे जाऊ शकत नव्हते, पाठ फिरवू शकत नव्हते, चहा टाकते म्हणून आत पळू शकत नव्हते. वर्षभर या वाक्यापासून मी सटकत आले होते, आणि आता त्या वाक्यासोबत एका झाडावर अडकले होते. मी म्हटलं, "हो ना." त्या वेळी मला स्वतःची जितकी किळस आली तितकी कधी आली नव्हती.

बारा वाजून गेल्यावर ट्रकने हॉर्न दिला. तीनदा. माणसं एकेक करून ताडपत्रीत शिरली. मी आशाताईंचा हात घट्ट धरला. ट्रक हलला, वळणावर गेला, झाडीत शिरला, पुन्हा दिसला, आणि मग नुसती धूळ राहिली. मी मोठ्याने रडले. डुकरिणीने कान टवकारले. आशाताई मला शांत हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त मला खुंटावरून पडू दिलं नाही.

त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी डुकरीण उठली. तिने पिल्लांना नाकाने ढकलून पाल्यात घातलं, वरून फांद्या ओढल्या, आणि ओहळाच्या दिशेने निघाली. पाण्याला चालली असणार, सकाळपासून तिनेही थेंब घेतला नव्हता. मधेच थांबून तिने मागे पाहिलं. आम्ही श्वास रोखून धरला. मग ती करवंदीच्या जाळीआड गेली.

"मी आणते डबा," आशाताई म्हणाल्या. "तू सरळ वाट धर."

"डबा माझा आहे," मी म्हटलं आणि उतरले. हे शौर्य नव्हतं. ट्रक गेला होता, आता निदान तेवढं तरी स्वतःच्या हाताने करावं, एवढंच वाटलं. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, अशी मी ढिगाशी गेले. पट्टा बाहेर लोंबत होता. डब्याला दोन्ही पिल्लं चिकटून झोपलेली, त्यांची पोटं वरखाली होत होती. मी पट्टा धरून तसूतसूने ओढला. एकाचं डोकं डब्यावरून घसरलं, त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला चक्क म्हणाले, "झोप रे बाळा, झोप." ते खरंच झोपलं. डबा सुटल्यावर पाल्यात भोक राहिलं. ऊन थेट पिल्लांवर पडत होतं, म्हणून मी दोन फांद्या ओढून ते झाकलं आणि मग आम्ही पळालो. चढावर पळालो, मी, जिची धाप तालुक्यात प्रसिद्ध आहे.

कडेवर पोचल्यावर आशाताईंनी विचारलं, "आथा वर जाऊन काय करशील? ट्रक गेला." मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चला." गेल्या वर्षी रिकामा पाडा बघितला होता, या वर्षीही बघायचा, तेवढी शिक्षा तरी पुरी भोगायची, असंच काहीसं डोक्यात होतं.

पाड्यात दारं लावलेली. एका ओट्यावर एक म्हातारा झोपलेला. शेवटच्या घराच्या पडवीत ती बसली होती, शेजारी एक बोचकं, मांडीवर मुलगी. मी जागीच थांबले.

"सगळी गेली?" आशाताईंनी विचारलं.

"गेली. नवरा पण गेला. लय बोलला." तिने माझ्याकडे पाहिलं. माझा उघडा पाय, तळहातांवरचं रक्त, फाटलेली ओढणी. "तू येशील म्हटली होतीस. मी म्हटलं, सुईशिवाय पोरीला नेत नाय. मी एसटीनं येईन." मग खाली बघून म्हणाली, "गेल्या साली मी थांबली नाय. तू सांगून गेली होतीस, मीच थांबली नाय. एक दिस थांबली असती तर पोरगा..."

 वर्षभर ती हेच उराशी घेऊन बसली होती. मी एक दिवस उशिरा आले, आणि ती समजत होती की ती एक दिवस लवकर गेली. मी डबा खाली ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं होतं की शब्द सापडणार नाहीत. सापडले, अगदी साधे होते. सोमवारी मी येणार होते. माझी गाडी चुकली नव्हती. घरी गोडधोड केलं होतं म्हणून मी राहिले. तुझी काही चूक नव्हती.

आशाताई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचं तोंड मी पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही.

"गोडधोड," ती म्हणाली.

"पुरणपोळ्या."

 तिने शिवी दिली असती तर मी घेतली असती. हाकललं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तिने मुलीच्या झबल्याची उजवी बाही वर सारली आणि दंड माझ्यापुढे केला. "टोच."

मी हात धुतले, बाटली फोडली, टोचलं. मुलगी कळवळून रडली, आणि आईने तिला पदराखाली घेतलं.

टोचल्यावर अर्धा तास बाळाला समोर बसवून ठेवायचं असतं, काही त्रास होतो का बघायला. तो नियम आहे, तो मोडता येत नाही. झाडावरचे तीन-साडेतीन तास या अर्ध्या तासापुढे काहीच नव्हते. ती मला बघत होती, मी घड्याळ बघत होते. मुलगी पिऊन झोपली. कोंबडा आला, गेला. आशाताईंनी मला पाणी आणून दिलं, आणि दिलं तेव्हा नेहमीसारखं "घे सिस्टर" म्हणाल्या नाहीत.

अर्धा तास झाला तसं मी कार्ड भरून तिच्या हातात दिलं. तिने ते घडी करून पदराच्या गाठीत बांधलं आणि बोचकं डोक्यावर घेतलं. खाली एसटीपर्यंत दीड तासाची वाट होती. निघता निघता तिने विचारलं, "फुडची सुई कधी?"

"सोळा महिने झाले की."

तिने बोटांवर मोजलं. "म्हंजे भाताच्या आवणीला. तेव्हा आम्ही अठंच पाड्यावर असू," ती म्हणाली. "तू सुट्टी घेऊ नको."